फाटक, कुलूप आणि पहारा

नगर-पुणे रस्त्यावरील सुपा येथे औद्योगिक वसाहत उभी राहिली आणि मोठ्या पोलादी फाटकांचे नवे जग गावाच्या परिचयाचे झाले. रात्री वाट अडवून उभे असलेले फाटक आणि त्यावरचे वजनदार कुलूप पाहिले, की मालाची चिंता मिटल्यासारखे वाटते. हा विश्वास कितपत सार्थ आहे, हे मात्र क्वचितच तपासले जाते.

फाटकाचा पत्रा कितीही जाड असला, तरी बळजबरी करणारा त्याच्या वाटेला जात नाही. तो पाहतो कुलपाची कडी, कोयंडा, बिजागरी आणि फाटक पेलणारा खांब. साध्या लोखंडाची कडी मोठ्या कातरीने तुटते. कठीण केलेल्या पोलादाची कडी कातरीला दाद देत नाही. परंतु विजेच्या ग्राइंडरपुढे तीही फार काळ टिकत नाही. म्हणूनच जाणते कारागीर कुलपाभोवती पोलादी पेटी बसवितात, फाटक वर उचलून निखळणार नाही अशी बिजागरी योजतात आणि खांब खोल काँक्रीटमध्ये रोवतात. एवढे करूनही बाजूचे कुंपण तारेचेच राहिले, तर सारा खर्च व्यर्थ होय.

वाहनाने दिलेली धडक ही आणखी वेगळी गोष्ट. वाहनाचा वेग दुप्पट झाला, की त्याच्या धडकेतील ऊर्जा चौपट होते. तेव्हा फाटकाची जाडी वाढविण्यापेक्षा त्यापुढील सरळ रस्त्याला वळण देणे अधिक शहाणपणाचे ठरते. आपल्या दुर्गकारांना हे तत्त्व गणिताच्या सूत्राविना उमगले होते. रायगडाचा महादरवाजा दोन बुरुजांच्या आड, वळणावर आहे. शत्रूला त्याच्यावर सरळ धाव घेता येत नाही. पुण्याच्या शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजावरील अणकुचीदार खिळे हत्तीच्या धडकेचा विचार करूनच ठोकलेले आहेत.

पण उत्तम दरवाजाही एकट्याने काही राखू शकत नाही, याचा दाखला सुप्यापासून दूर शोधण्याचे कारण नाही. ऑगस्ट 1803 मध्ये आर्थर वेलस्लीच्या फौजेने दौलतराव शिंद्यांच्या ताब्यातील अहमदनगरवर, म्हणजे आजच्या अहिल्यानगरवर, चाल केली. 8 ऑगस्टला शहर पडले ते तटाला शिड्या लावून. त्यानंतर किल्ल्याच्या भिंतीवर तोफांचा मारा सुरू झाला, वाटाघाटी झाल्या आणि 12 तारखेला किल्ला इंग्रजांच्या हाती गेला. खोल खंदक आणि भक्कम बुरूज यांमुळे अजिंक्य समजला जाणारा हा किल्ला अवघ्या काही दिवसांत गेला. त्याची दगडी तटबंदी आजही उभी आहे. तट कच्चा नव्हता. मात्र वेढा उठवू शकेल अशी कुमक वेळेत आली नाही.

या इतिहासाचा कारखान्याच्या फाटकाशी संबंध तो हाच. फाटक चोराला कायमचे रोखत नाही. ते त्याला उशीर करायला लावते. त्या अवधीत कोणी जागे होत असेल, पोलिसांना खबर जात असेल, मदत पोहोचत असेल, तरच त्या उशिराला किंमत आहे. फाटक दहा मिनिटे टिकले आणि मदत तासाभराने आली, तर लोखंडाचा उपयोग काय?

आणि हा जागा राहणारा माणूस कोण? बहुधा कंत्राटावरचा, तुटपुंज्या पगाराचा, हाती काठी व विजेरी एवढेच असलेला पहारेकरी. फाटकावर सढळ हाताने खर्च करणारे मालक त्याच्या पाळीला दुसरा सोबती देताना हात आखडता घेतात. सशस्त्र टोळीपुढे त्या एकट्याने छाती पुढे करावी, ही अपेक्षा क्रूर आहे. त्याचे काम खबर देण्याचे असावे, झुंजण्याचे नव्हे. शिवाय आग लागली असता बंबाला आत घेण्यासाठी किल्ली त्याच्याच हाताशी हवी. बाहेरच्याला अडवणारे कुलूप आतल्या कामगारांची वाट अडवू लागले, तर ते रक्षण कसले?

फाटके भक्कम असावीत, यात वाद नाही. परंतु त्यांची मजबुती ठरविताना लोखंडाच्या वजनाबरोबर, हाक मारल्यावर मदत किती वेळात येते याचाही हिशेब मांडला पाहिजे. तो आज फारच थोड्या ठिकाणी मांडला जातो.