डबीवर नाव एकाचं, आत फिल्म दुसऱ्याची
फिल्मचं पुनरागमन : लेखांक ६

मागच्या आठवड्यात आपण फिल्मवरचे थर पाहिले. आता दुकानाच्या फळीकडे वळू. कोडॅक, फुजी, इलफर्ड ही जुनी नावं तिथे आहेतच. शेजारी सिनेस्टिल, लोमोग्राफी, रोलाय, अरिस्टा, आग्फाफोटो अशी रांग लागलेली असते. एवढ्या सगळ्या कंपन्या फिल्म बनवतात का? मुळीच नाही. जगात फिल्मवर स्वतः रसायनांचे थर चढवणारे कारखाने हाताच्या बोटांवर मोजावेत इतकेच उरले आहेत. अमेरिकेत रॉचेस्टरला कोडॅक, इंग्लंडमध्ये मोबर्लीला इलफर्ड बनवणारी हारमन, चेक प्रजासत्ताकात ह्राडेक क्रालोवेला फोमा, बेल्जियममध्ये मोर्टसेलला आग्फा-गेव्हार्ट, जपानात फुजी आणि आणखी थोडे. आपल्याकडेही उटीला हिंदुस्थान फोटो फिल्म्स हा सरकारी कारखाना १९६० साली स्थापन झाला होता. त्याची ‘इंदू’ ही कृष्णधवल फिल्म जुन्या स्टुडिओवाल्यांना आठवत असेल. तो कारखाना आता बंद आहे.

फिल्म बनवण्यातलं अवघड काम म्हणजे थर चढवणं. ते पूर्ण अंधारात होतं आणि त्याची यंत्रं अवाढव्य असतात. त्यातून बाहेर पडतो मीटरभराहून रुंद असा प्रचंड लांब पट्टा, कापडाच्या ताग्यासारखा गुंडाळलेला. तो ३५ मिलिमीटर रुंदीत कापायचा, कडांना भोकं पाडायची, डबीत भरायचा आणि वर वेष्टण चढवायचं, हे काम त्यामानाने सोपं. ते कारखाना दुसऱ्याच्या नावाने करून देतो किंवा दुसरी कंपनी तागाच विकत घेऊन करते. नवी नावं जन्माला येतात ती इथे.

आग्फाचंच पाहा. आग्फा-गेव्हार्टने २००४ मध्ये ग्राहकांसाठीच्या फिल्मचा व्यवसाय वेगळा काढून विकला आणि नवी आग्फाफोटो कंपनी २००५ मध्ये दिवाळखोरीत गेली. नाव मात्र मेलं नाही, ते परवान्यावर दिलं गेलं. पुढे ‘आग्फाफोटो व्हिस्टा प्लस २००’ ब्रिटनमधल्या पाउंडलँड दुकानांत एका पाउंडाला मिळू लागली आणि कितीतरी तरुण त्या स्वस्त रोलवर फोटो काढायला शिकले. डबीवर जर्मन नाव होतं, आतली फिल्म जपानची, फुजीची. २०१८ मध्ये व्हिस्टा बंद झाली, पण फुजीची स्वतःची सी२०० त्यानंतरही काही काळ विकली जात होती. पुढे फुजीवरही तीच पाळी आली. ‘फुजीफिल्म २००’च्या नव्या खोक्यांवर ‘मेड इन यूएसए’ छापलेलं दिसलं आणि तिच्या माहितीपत्रकातले आलेख कोडॅक गोल्ड २००च्या आलेखांशी जुळले.

सर्वांत विलक्षण गोष्ट सिने फिल्मची. चित्रपटांसाठीच्या कोडॅक फिल्मच्या पाठीवर काजळीचा काळा थर असायचा. त्याला रेमजेट म्हणतात. कॅमेऱ्यातून फिल्म वेगाने धावताना ओरखडे पडू नयेत, स्थिर विजेच्या ठिणग्या उडू नयेत आणि आरपार गेलेला प्रकाश उलटून पुन्हा फिल्मवर येऊ नये, ही त्याची कामं. सिने लॅबमधल्या ईसीएन-२ प्रक्रियेत हा थर आधीच धुऊन काढतात. साधे रंगीत रोल धुणाऱ्या नेहमीच्या सी-४१ यंत्रात मात्र ही फिल्म चुकून गेली, तर काजळी रसायनांत उतरते आणि इतरांच्या रोलवरही चिकटते.

अमेरिकेतल्या सिअॅटल फिल्मवर्क्सने अशी सिने फिल्म फोटोच्या डब्यांत भरून स्वस्तात विकली. सामान्य लॅब ती धुवू शकत नसल्याने गिऱ्हाईक पुन्हा त्यांच्याच दारी यायचं. अनेकांना ही अडचण रोल संपल्यावरच कळायची. हे मला गैर वाटतं. सिनेस्टिलने वेगळी वाट धरली. कोडॅकच्या व्हिजन३ ५००टी फिल्मवरचा रेमजेट काढून तिने ‘८००टी’ बाजारात आणली आणि ती कोणत्याही सी-४१ लॅबमध्ये धुता येऊ लागली. थर गेल्यामुळे प्रकाश मागच्या पट्टीवर आपटून परततो आणि सर्वांत खालच्या, लाल रंग टिपणाऱ्या थरावर पडतो. रात्रीच्या दिव्यांभोवती दिसणारं ते प्रसिद्ध लाल वलय असं तयार होतं. इथे नुसतं लेबल बदललेलं नाही, फिल्मवर खरं काम झालं आहे, म्हणून जास्त किंमत मला मान्य आहे. पण २०२३ मध्ये ‘८००टी’ या नावावर हक्क सांगत सिनेस्टिलने इतर छोट्या विक्रेत्यांना आक्षेपाची पत्रं पाठवली, ते पटण्यासारखं नव्हतं. मूळ फिल्म दोघांचीही कोडॅककडूनच येते.

रोलाय रेट्रो ८०एसचं मूळ आणखी निराळं: मोर्टसेलची, विमानातून जमिनीचे फोटो घेण्यासाठी बनवलेली आग्फा अॅव्हिफॉट. म्हणून ती लाल रंगाला जास्त संवेदनशील आहे आणि म्हणूनच तिचा आधार पॉलिएस्टरचा, पारदर्शक. डबीबाहेर डोकावणाऱ्या टोकातून उजेड आत झिरपतो, त्यामुळे हा रोल उन्हात कॅमेऱ्यात भरू नये. मूळ ओळखण्याचा फायदा असा रोजच्या वापरात होतो. अरिस्टा ईडीयू अल्ट्रा म्हणजे फोमापॅन, हे कळलं की फोमाच्या डेव्हलपिंगच्या वेळा निर्धास्तपणे वापरता येतात.

मूळ कसं शोधायचं? खोक्यावर उत्पादनाचा देश वाचा. धुतलेल्या निगेटिव्हच्या कडेची अक्षरं आणि पट्ट्या पाहा. डेव्हलपिंगचं कोष्टक दुसऱ्या फिल्मशी हुबेहूब जुळतं का, तेही तपासा. आणि एक लक्षात असू द्या: मूळ कारखाना थांबला की त्यावरची सगळी नावं एकदम फळीवरून जातात. २०२४च्या नोव्हेंबरमध्ये कोडॅकने यंत्रं सुधारण्यासाठी रॉचेस्टरचं फिल्म उत्पादन काही आठवडे थांबवलं होतं. तिथल्या फिल्मवर जगणाऱ्या प्रत्येक ब्रँडचा झरा तेवढे दिवस बंद होता. तेव्हा दोन वेगळ्या नावांचे रोल साठवून ठेवलेत म्हणजे दोन वेगळे पुरवठे हाताशी आहेत, असं धरून चालू नका.

हाताने भरलेले सिने फिल्मचे रोल आपल्याकडेही मिळतात. असा रोल घेताना विक्रेत्याला रेमजेट काढलाय का ते विचारा. उत्तर मिळालं नाही तर घेऊ नका, आणि घेतलाच तर धुवायला देताना लॅबवाल्याला आधी सांगा. त्याच यंत्रात त्या दिवशी दुसऱ्या कुणाच्या लग्नाचे रोल असतील.

(पुढील लेखात : मुदत संपलेली फिल्म)