तांदळाचे पोते आणि हमीचे कागद

मराठीचा प्राध्यापक आणि मोटारगाडी यांचा पूर्वी एकच संबंध असे. प्राध्यापकाने छत्री सावरीत रस्ता ओलांडावा आणि गाडीने त्याच्या धोतरावर चिखल उडवावा. आता काळ पालटला. धोतर गेले, आणि 2022 च्या दिवाळीत आमच्याही दारात गाडी येऊन उभी राहिली. तीसुद्धा साधीसुधी नव्हे, तर हायब्रीड! पेट्रोलचे इंजिन आणि विजेची मोटर अशी दोन बिऱ्हाडे एकाच वाड्यात नांदविणारी. गाडी कोणत्या कंपनीची हे मी सांगणार नाही. जे घडले ते कोणत्याही घराण्याच्या गाडीत घडू शकते; शिवाय त्या मंडळींशी आता आमचा समेट झाला आहे.

ही कल्पना आपल्याला नवी वाटते, पण ती तशी जुनीच. फर्डिनांड पोर्शे या तरुण तंत्रज्ञाने 1900 च्या सुमारास व्हिएन्नात पेट्रोल आणि वीज यांची जोडी लावून गाडी चालवून दाखविली होती. पुढे जवळजवळ शंभर वर्षे हे लग्न कोणाला फारसे जमले नाही. डिसेंबर 1997 मध्ये जपानात ‘प्रियस’ विक्रीला आली तेव्हा कुठे घरोघरच्या माणसांसाठी अशी गाडी मोठ्या प्रमाणावर निघू लागली.

आमच्या सौ.ला मात्र या गाडीचा एकच गुण भावला. सिग्नलपाशी आपण ब्रेक दाबतो, उतारावर पाय उचलतो, तेव्हा साध्या गाडीत जी शक्ती नुसती तापून वाया जाते, तिची ही गाडी वीज करते आणि बॅटरीत साठवून ठेवते. पुढे चढ आला की तीच वीज मोटरला देते. रात्रीच्या उरलेल्या भाताचा सकाळी फोडणीचा भात करणाऱ्या बाईला हे तत्त्व कोणी समजावून सांगावे लागत नाही. “ही गाडी बायकांनी शोधून काढलेली असणार,” असे तिने शोरूममध्येच जाहीर केले.

अडीच वर्षे सुखात गेली. 2025 च्या एप्रिलमध्ये एकदा मागच्या सीटजवळून घरघर ऐकू येऊ लागली आणि समोरचा एक पिवळा दिवा लागून आपोआप विझला. आम्ही गाडी दाखवून आणली. “सर, सगळं नॉर्मल आहे,” असे उत्तर मिळाले. या भेटीविषयी पुढे लिहावे लागणारच आहे.

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आईला आणावयाला चिपळूणजवळच्या आमच्या गावी गेलो. परत निघताना आईने मुंबईच्या पाहुण्यालाही लाजवील इतके सामान बांधले. आंब्याच्या पेट्या डिकीत मावल्या. तांदळाची दोन पोती उरली. “मी बसत्ये कडेला. पोती बाजूला ठेव उभी,” असे म्हणून तिने स्वतःच जागा दाखविली. मागच्या सीटच्या डाव्या कुशीत, दारापाशी, बोटभर रुंदीची एक काळी जाळी आहे. पोती नेमकी तिला टेकून बसली. ती जाळी कशासाठी आहे हे मला ठाऊक नव्हते. गाडीबरोबर मिळालेल्या जाडजूड पुस्तकात ते छापलेले होते, पण विद्यार्थ्यांनी मूळ पुस्तक न वाचता गाईड वाचले म्हणून चिडणाऱ्या मी त्या पुस्तकाचे प्लास्टिकसुद्धा काढलेले नव्हते.

चिपळूणहून कराडकडे येताना कुंभार्ली घाट लागतो. त्याच्या पायथ्याशी पोफळी. कोयनेचे पाणी डोंगराच्या पोटातून आणून वीज करणारे भूमिगत वीजघर तिथे आहे. ते मागे टाकून निम्मा घाट चढलो, तोच समोरच्या पडद्यावर इंग्रजीत सूचना उमटली की यंत्रणा तापली आहे आणि शक्ती कमी केली आहे. गाडी थकलेल्या बैलासारखी हळू झाली आणि एका वळणाच्या अलीकडे थांबलीच. अर्ध्या महाराष्ट्राला वीज पुरविणारा डोंगर आमच्या पायाखाली होता, आणि आम्ही विजेवाचून उभे!

माझ्या मनात पहिला विचार आला तो असा की, वीज नाही तर नाही, पेट्रोलचे इंजिन आहे ना? टाकी तर चिपळुणात गळ्यापर्यंत भरलेली. पण या संसारात एकाने रुसावे आणि दुसऱ्याने स्वयंपाक करावा, असे चालत नाही. आमच्या गाडीतले पेट्रोलचे इंजिन सुरू करावयाला वेगळा स्टार्टर नाही. ते मोठ्या बॅटरीच्या विजेनेच जागे होते. आणि बॅटरी प्रमाणाबाहेर तापली की गाडीतला संगणक तिचा जीव वाचविण्यासाठी तिला बाजूला काढतो.

इतक्यात एक ट्रक थांबला. क्लीनरने बाह्या सरसावल्या. “साहेब, सेकंडला टाका. धक्का देतो, एका मिनटात गाडी चालू!” त्या भल्या माणसाला हिला क्लच नाही, सेकंड नाही आणि धक्क्याने ही उठत नाही, हे सांगताना मलाच ओशाळे झाले. मग त्याने दोर काढला. पण दोर बांधून ओढणेही निषिद्ध! पुढची चाके जमिनीवर फिरली की मोटर फिरते, मोटर फिरली की वीज तयार होऊ लागते, आणि नको त्या जागी नको तेव्हा तयार झालेली वीज आणखी नुकसान करते. ही गाडी चारही चाके उचलून, पाटासारख्या सपाट गाडीवर चढवूनच न्यावयाची. “म्हंजे नवरदेवच की!” असे म्हणून क्लीनर हसत निघून गेला.

मदतकेंद्राला फोन लावला. पलीकडची मुलगी फार आदबशीर. “सर, जवळची एखादी लँडमार्क सांगाल का?” मी चहूकडे पाहिले. लँडमार्क म्हणून सह्याद्री दिसत होता. तसे सांगितले तर तिने त्याचे स्पेलिंग विचारले.

आई, सौ. आणि तांदूळ यांना कराडकडे निघालेल्या एका जीपवाल्याने पुढे एस.टी. स्टँडवर सोडले. तीन तासांनी सपाट गाडी आली. फुकट ओढून नेण्याची मर्यादा संपल्यावर उरलेल्या अंतराचे पैसे मी भरले, कारण गाडीचा सगळा पूर्वेतिहास पुण्याच्या सर्व्हिस सेंटरमध्ये होता.

दुसऱ्या दिवशी तिथल्या तरुण अॅडव्हायझरने मला गाडीपाशी नेले. सीट उचललेली होती. त्याने तळहात पुढे केला. तळहातावर चार तांदूळ होते.

“सर, हे त्या जाळीत अडकले होते. इथे काही सामान ठेवलं होतं का? या जाळीतून पंखा गाडीतली गार हवा ओढून बॅटरीला देतो. इथे अडथळा आला तर बॅटरी तापते. आणि मालकाच्या निष्काळजीपणामुळे बिघाड झाला तर वॉरंटी मिळत नाही.”

नवी बॅटरी स्वतःच्या पैशाने घालावयाची तर आकडा लाखांच्या घरात जाणार होता. मुलीच्या इंजिनिअरिंगच्या प्रवेशासाठी ठेवलेली रक्कम माझ्या डोळ्यांपुढे आली. आणि मी, वर्गात वर्षानुवर्षे संतवाङ्मय शिकविणारा माणूस, म्हणालो, “छे! कधी बाजारातून आणताना सांडले असतील.”

त्याने मान डोलावली आणि तसे टिपून घेतले. घरी येईपर्यंत माझे कान तापलेले होते.

त्या रात्री पुस्तकाचे प्लास्टिक निघाले. जाळी झाकू नये ही सूचना चौकटीत छापलेली होती. हमीचे प्रकरणही वाचले. गॅरंटी आणि वॉरंटी ही दोन रूपे मुळात एकाच शब्दाची, हे मी वर्गात चवीने सांगत असे. पण त्यांच्या खाली बारीक टाइपात काय असते ते कधी पाहिले नव्हते. हमी एक नसते, कित्येक असतात. आमच्या गाडीला तीन वर्षांची किंवा एक लाख किलोमीटरची, मोठ्या बॅटरीला आठ वर्षांची किंवा एक लाख साठ हजार किलोमीटरची. दिवे-संगणक जागे करणाऱ्या छोट्या बारा व्होल्टच्या बॅटरीला याहून पुष्कळच कमी, आणि टायरांची हमी टायरवाल्याकडे. काय मिळेल ते दीड पानात होते. काय मिळणार नाही त्याला पाने अधिक. उंदरांनी कुरतडलेल्या वायरी हा ‘बाह्य कारणां’तला प्रकार, म्हणजे पुण्यातल्या पावसाळी पार्किंगमध्ये राहणाऱ्यांनी काय ते समजावे.

दोन दिवसांनी नकार आला. मग सौ.ने कपाटातून तिची फाईल काढली. या फाईलची मी आजवर यथेच्छ थट्टा केली आहे. मिक्सरच्या पावतीपासून आमच्या लग्नपत्रिकेपर्यंत सगळे तीत असते. एप्रिलमधल्या भेटीचे जॉबकार्ड तिने माझ्यापुढे ठेवले. तक्रारीच्या रकान्यात ‘जनरल चेकअप’ असे छापलेले, आणि त्याखाली पेनाने लिहिलेली एक ओळ : ‘मागच्या सीटजवळ घरघर, पिवळा दिवा लागून गेला.’ त्या दिवशी मी न वाचताच सही करून मोकळा झालो होतो. हिने कागद परत मागितला होता आणि “आम्ही चेकअपला आलो नाही, घरघर म्हणून आलो आहोत, तसं लिहा,” असा हट्ट धरून ती ओळ लिहून घेतली होती. मला तेव्हा तिची लाज वाटली होती. मागे रांग खोळंबली होती ना!

“हे घेऊन उद्या जाऊ,” ती म्हणाली.

आई दारात उभी होती. तिने सगळे ऐकले होते. “आणि तांदळाचं काय सांगितलंस त्यांना?”

मी गप्प राहिलो.

“म्हणजे खोटं सांगितलंस. मी येत्ये उद्या.”

“अगं आई, तू कशाला? त्यांनी तेवढंच धरून ठेवलं तर हातचं सगळं जाईल.”

“जाऊ दे. माझ्या बांगड्या आहेत.”

बांगड्यांचा उच्चार आमच्या घरात क्वचित होतो. वडील गेल्यानंतरही तिने मोडल्या नव्हत्या. त्या रात्री मला झोप लागली नाही.

सकाळी सर्व्हिस सेंटरच्या काचेच्या दालनात आई नऊवारी सावरीत खुर्चीवर बसली आणि त्या पोराला म्हणाली, “हे बघ बाळा, तांदूळ माझा. पोती मी ठेवायला लावली. जाळीला टेकून होती. माझ्या मुलाने तुला सांगितलं ते खरं नाही.”

तो गोंधळला. मग सौ.ने जॉबकार्ड पुढे केले. तो ते घेऊन आत गेला आणि एका प्रौढ मेकॅनिकला घेऊन आला. गृहस्थ सांगलीकडचे असावेत. त्यांनी कार्डावरची पेनाची ओळ दोनदा वाचली आणि म्हणाले, “घरघर? मग पंखा बघितला न्हाई व्हय कुणी?”

गाडी घाटात थांबते तेव्हा त्या क्षणीचे आकडे तिच्या संगणकात जपलेले राहतात. पहिल्या दिवशी तापमान पाहून आणि चार तांदूळ पाहून मंडळींनी तपास संपविला होता. आता या गृहस्थांनी यंत्र जोडून पंख्याचे आकडे काढले. संगणकाने पंख्याला पूर्ण वेगाने फिरण्याचा हुकूम दिला होता; पंख्याचा वेग शून्य. “पोत्यानं वारा अडवला असता आजी, तर पंखा बोंबलत फिरला असता. ह्यो आधीच मेलाय.” एप्रिलमधली घरघर म्हणजे त्याची शेवटची घरघर होती. तेव्हा दिव्याची नोंद पुसून गाडी आमच्या हाती दिली होती. पंखा कोणी उघडून पाहिलाच नव्हता.

तरीही काम एका दिवसात झाले नाही. कंपनीच्या वरच्या कार्यालयाची मंजुरी हवी होती आणि ती काही केल्या येईना. दहा दिवस वाट पाहून मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदविली आणि सर्व्हिस सेंटरला ईमेलने सविस्तर पत्र लिहिले. 20 जुलै 2020 पासून अमलात आलेल्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे मनुष्य जिथे राहतो तिथल्याच जिल्हा आयोगाकडे दाद मागू शकतो, कंपनीचे कार्यालय कोठेही असो; मुदत मात्र दोन वर्षांची. हे सगळे पत्रात होते. पोत्यांचाही उल्लेख होता, दुसऱ्याच परिच्छेदात. आईने तो मोठ्याने वाचून घेतला आणि मगच पाठवू दिले. कोणत्या गोष्टीचा किती परिणाम झाला ते मला सांगता येणार नाही, पण आठवडाभरात मंजुरी आली.

गाडी एकूण चोवीस दिवस तिथे होती. पंखा आणि बॅटरी हमीत बसली. जाळीमागची धूळ साफ करण्याचे पैसे आम्ही दिले. ती धूळ आमचीच होती. गाडी आणावयाला गेलो तेव्हा त्या मेकॅनिकने सीटच्या कडेला हात लावून वारा कसा आत ओढला जातो ते दाखविले. आईनेही वाकून तळहात धरून पाहिला. पुढच्या खेपेचा तांदूळ एस.टी.ने येणार आहे, असे तिने गावी फोन करून कळविले आहे.

अॅडव्हायझरने नवे कार्ड सहीसाठी पुढे केले. मी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि पहिल्या ओळीपासून वाचावयाला लागलो. दुसऱ्या पानावर ‘बॅटरी’ दोन वेगळ्या तऱ्हांनी लिहिली होती, ती एकसारखी करून घेतली. केलेल्या कामात पंख्याचे नाव नव्हते, ते लिहून घेतले. मागच्या रांगेत कोणीतरी खोकले. आणखी कोणीतरी खोकले.

“अहो, पुरे आता,” सौ. हळूच म्हणाली, “सही करा.”