तीन पायांचं नाणं

मुलांनो, माझ्या चौथीच्या वर्गातल्या एका मुलानं आजीच्या डब्यातलं तांब्याचं जुनं नाणं शाळेत आणलं. नाण्यावर तराजू होता. "बाई, चिंच आणि राखेनं घासून लख्ख केलंय!" स्वारी खुशीत होती. नाणं चमकत होतं खरं. पण सालाचे आकडे मात्र पार पुसून गेले होते. आता ते नाणं कधीचं, हे सांगणार कोण?

अशा वेळी मला आठवतं ते एका चिमुकल्या बेटाचं नाणं. इंग्लंड आणि आयर्लंड यांच्यामधल्या समुद्रात 'आइल ऑफ मॅन' नावाचं बेट आहे. लांबी अवघी ५२ किलोमीटर! १७९८ साली या बेटासाठी तांब्याची पेनी पाडली गेली. एका बाजूला राजा तिसरा जॉर्ज, दुसऱ्या बाजूला चक्रासारखे जोडलेले तीन पाय. भोवती लॅटिन शब्द. त्यांचा अर्थ, 'कसंही फेका, उभंच राहील!' आहे की नाही गंमत?

ही नाणी बर्मिंगहॅमजवळच्या सोहो टांकसाळीत मॅथ्यू बोल्टन यांनी वाफेच्या यंत्रांवर पाडली. त्यातली काही 'प्रूफ' होती. प्रूफ म्हणजे बाजारात न्यायचं नाणं नव्हे. ते नमुना म्हणून किंवा भेट देण्यासाठी खास काळजीनं पाडतात. त्यासाठी ठसे घासूनपुसून आरशासारखे गुळगुळीत करतात. साधी पेनी हातोहात फिरून झिजली. प्रूफ मोजकीच होती, ती जपली गेली. म्हणून तर ती आज दुर्मिळ!

या पेनीपायी बेटावर पुढं दंगलही झाली बरं का! तिथं एका शिलिंगला १४ पेनी मिळत. इंग्लंडात मात्र १२. मग १८३९ ची नवी नाणी आली आणि बेटावरही १२ चाच हिशेब सुरू झाला. आता तुम्हीच गणित करा. एक पाव एक पेनीला. मजुराला शिलिंगमध्ये आधी १४ पाव मिळायचे, आता १२ च! दोन पाव गेले कुठं? लोक चिडले आणि १८४० मध्ये रस्त्यावर उतरले.

आणि आपला संबंध? याच सोहोत १७९१ साली ईस्ट इंडिया कंपनीनं मुंबईसाठी तांब्याचे पैसे पाडून घेतले. तेव्हा मुंबईही बेटच! त्या पैशांवर तराजू होता आणि मध्ये फारसी लिपीत 'अदल', म्हणजे न्याय, असं लिहिलेलं होतं.

तेव्हा दोस्तहो, घरात जुनं नाणं सापडलं तर घासू नका. बोटांचा घामही तांब्यावर डाग पाडतो, म्हणून ते कडेनं धरा. कोऱ्या कागदाच्या पाकिटात ठेवा आणि कुणाकडून, कुठून आलं ते पाकिटावर लिहा. काळवंडलेलं नाणं बोलतं. घासलेलं मुकं होतं.

आमच्या त्या पठ्ठ्यानं आजीच्या डब्यावर आता चिठ्ठी लावली आहे : 'चिंच लावू नये.'