काटा वजनाचा आणि काटा घड्याळाचा

ऊस आणि काटा यांचे नाते आपणांस नव्याने सांगायला नको. खेप काट्यावर चढली की प्रत्येकाची नजर आकड्यावर जाते. मात्र त्याच पावतीवर वजनाच्या शेजारी आणखी एक आकडा छापलेला असतो, वेळेचा. तो कोणी वाचत नाही. खरे सांगायचे तर आम्हीही वाचत नव्हतो. त्या न वाचण्याची किंमत २०२३-२४ च्या हंगामात काही सभासदांना मोजावी लागली. ती हकीकत लपवून ठेवण्यापेक्षा या अंकात उघडपणे मांडावी, असे ठरवले.

१५ जानेवारी २०२४, संक्रांतीचा दिवस. एका सभासदाच्या फडात सकाळी सात वाजता कोयता लागला. दोन ट्रॉल्यांची खेप रात्री साडेदहाला यार्डात आली, नंबर लागला आणि उत्तररात्री १ वाजून ४० मिनिटांनी, म्हणजे १६ तारखेला, काटा झाला. पावती खिशात घालून गडी घरी गेला. पुढे पहिल्या पंधरवड्याचे बिल आले, त्यात ही खेप नाही. मालक म्हणाले, बरोबर आहे, १६ तारखेची खेप पुढच्या बिलात येईल. फेब्रुवारीत दुसरे बिल आले, त्यातही ती नाही! मग मात्र ते पावती घेऊन थेट आमच्या टेबलापुढे उभे राहिले.

"साहेब, ऊस तर गव्हाणीत गेला. मग पैसे कुठं गेले? आणि ही पावती तुम्हीच वाचा. गेटावरचं टोकन रात्री साडेदहाचं आणि काटा रात्री आठ-दहाला, १५ तारखेचा. म्हणजे माझी गाडी यार्डात यायच्या आधीच काट्यावर चढली काय?"

आम्ही पावती वाचली आणि घामच फुटला. कारण पुढचा शब्द त्यांनी उच्चारला नाही, तरी तो हवेत होताच. काटामारी! सहकारात यापरता वाईट शब्द नाही. वजनात एक किलोचाही फरक नव्हता, पण विश्वासाच्या काट्यावर आमचे पारडे वर गेले होते, हे कबूल केले पाहिजे.

साडेपाच तास गेले कुठे?

चौकशी केली तेव्हा उलगडा झाला तो असा. जानेवारीच्या सुरुवातीस काट्याच्या नोंदी नव्या सर्व्हरवर नेल्या होत्या. सर्व्हर म्हणजे आपल्या गोदाम कीपरसारखा संगणक. बाकीचे संगणक त्याच्याकडे माल ठेवतात आणि लागेल तेव्हा त्याच्याकडूनच घेतात. हा सर्व्हर कारखान्यावर नसून मुंबईच्या उपनगरात, अंधेरीला एका इमारतीत आहे. पावतीवरची वेळ काट्यावरचा संगणक स्वतःच्या घड्याळातून घेत नव्हता, अंधेरीच्या सर्व्हरला विचारून छापत होता. आणि तो सर्व्हर जागतिक वेळेवर, म्हणजे इंग्लंडमधील ग्रीनिचच्या वेळेवर लावलेला राहिला होता. आपली भारतीय प्रमाणवेळ तिच्यापेक्षा साडेपाच तास पुढे. १६ तारखेच्या १ वाजून ४० मिनिटांतून साडेपाच तास वजा करा. १५ तारखेचे रात्रीचे ८ वाजून १० मिनिटे येतात. गेटावरचा संगणक मात्र आपल्या इथल्या वेळेवर होता. म्हणून गाडी येण्याआधीच काटा झालेला दिसला.

आता बिलाचे पाहा. लेखा विभागाने १५ तारखेला मध्यरात्री बाराच्या ठोक्याला पहिला पंधरवडा बंद केला. त्यानंतर पहाटे साडेपाचपर्यंत जेवढ्या खेपा काट्यावर आल्या, त्या सगळ्यांवर १५ तारीखच पडत राहिली. पहिले बिल आधीच बंद झालेले आणि दुसरे बिल १६ पासूनच्या नोंदी उचलणारे. मधल्या खेपा ना इकडच्या ना तिकडच्या. जानेवारी संपतानाच्या रात्रीही नेमके हेच घडले.

ही गोष्ट लहान नाही. ऊस नियंत्रण आदेश, १९६६ प्रमाणे ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे असतात, उशीर झाला तर द.सा.द.शे. १५ टक्के व्याज. हे १४ दिवस पावतीवरच्या तारखेपासून मोजायचे. तारीखच चुकली तर सगळी मोजणी चुकते.

यातच आमच्या विभागाची आणखी एक लाज दडलेली आहे, तीही सांगून टाकतो. तोड झाल्यापासून काटा होईपर्यंत किती तास गेले, याचा तक्ता आम्ही ठेवतो. चिटबॉय तोडीची वेळ लिहितो, काट्याची वेळ पावतीवरून घेतो. जानेवारीत हे तास एकदम साडेपाचने उतरले. आम्ही मिटिंगमध्ये सांगितले, तोडणी-वाहतुकीचे नियोजन सुधारले! वरच्या खेपेचेच घ्या. सकाळी सात ते उत्तररात्री १.४०, म्हणजे १८ तास ४० मिनिटे. कागदावर मात्र १३ तास १० मिनिटे. चीफ केमिस्ट विचारत होते, ऊस एवढा ताजा येतोय तर उतारा का वाढत नाही? वाढेल कसा? तोडलेला ऊस वाळतो, वजन घटते, त्यातली साखर मोडत जाते. सर्व्हरचे घड्याळ मागे असले म्हणून ऊस थांबत नाही. साडेपाच तास कागदावरून गेले, फडातून आणि यार्डातून गेले नाहीत.

अंधेरीची फेरी

फोनवर समाधान होईना, म्हणून आम्ही मुंबईस गेलो. मुक्काम साडूंकडे मुलुंडला. सकाळी ते म्हणाले, "आठ-सतरा पकडू, आठ-एकवीसला गर्दी असते." चार मिनिटांचा हिशेब करणारी ही माणसे! आमच्याकडे 'सकाळच्या पारी येतो' म्हणाले की सहा ते दहा काहीही चालते. मुलुंडहून घाटकोपर, तिथून मेट्रोने अंधेरीकडे. २०१४ साली ही मेट्रो सुरू झाली आणि मध्य व पश्चिम रेल्वेवरची उपनगरे थेट जोडली गेली.

सर्व्हर सांभाळणारा मुलगा वयाने लहान, पण समजूतदार होता. त्याने यादी उघडून दाखवली. जगातल्या प्रत्येक वेळेला एकेका शहराचे नाव असते. आम्ही 'मुंबई' शोधू लागलो तर तो हसला. मुंबई नाहीच! 'एशिया/कोलकाता' निवडावे लागते. सबंध भारताला वेळ एकच, म्हणून नावही एकच, आणि यादी करणाऱ्यांनी ते कोलकात्याचे घेतले.

परतताना मनात आले, एके काळी मुंबईचे नाव घड्याळावर होते आणि ते सोडायला हे शहर तयार नव्हते. सूर्याप्रमाणे मुंबईची वेळ ग्रीनिचच्या ४ तास ५१ मिनिटे पुढे. ती होती 'बॉम्बे टाइम'. रेल्वे चाले मद्रास टाइमवर, तो सुमारे अर्धा तास पुढे. १८८१ साली सरकारने मुंबईला मद्रास टाइम लावून पाहिला. लोकांनी मानला नाही आणि तो मागे घ्यावा लागला. पुढे १ जानेवारी १९०६ पासून साडेपाच तासांची भारतीय प्रमाणवेळ आली. ती मिर्झापूरजवळून जाणाऱ्या ८२॥ अंश रेखांशाची, म्हणजे मुंबईच्या सूर्यापेक्षा ३९ मिनिटे पुढची. गिरणी कामगारांना तेवढेच आधी अंधारात कामावर जाणे आले. त्या जानेवारीत काही कामगारांनी काम थांबवले, नागरिकांनी सभा घेतल्या. महानगरपालिकेने तर स्वातंत्र्यानंतरही बॉम्बे टाइम धरून ठेवला.

अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर ही तेव्हा शहराबाहेरची साष्टीतली गावे, बृहन्मुंबईत ती १९५० आणि १९५७ साली टप्प्याटप्प्याने आली. बोरिवलीचा माणूस गाडी पकडायचा स्टँडर्ड टाइमने आणि शहरात उतरून पालिकेच्या घड्याळाकडे पाहिले की ३९ मिनिटे मागे! म्हणून नुसती वेळ सांगून भागत नसे, कोणता टाइम तेही विचारावे लागे. जुन्या लग्नपत्रिकेत मुहूर्तापुढे 'स्टँ. टा.' छापत, त्याचे मूळ हेच. आपल्याकडील पंचांगातही ही अक्षरे दिसतात. तो गोंधळ माणसांचा होता, आमचा यंत्रांचा. दुखणे मात्र एकच, वेळ लिहिली पण कुठली ते लिहिले नाही.

दुरुस्ती कशी केली?

त्या मुलाने समजावले की यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक, घड्याळ बरोबर चालते का? दोन, ते कुठल्या गावची वेळ दाखवते? आपल्या काट्याच्या भाषेत सांगायचे तर पहिली गोष्ट म्हणजे काटा शून्यावर आहे का आणि दुसरी म्हणजे आकडा क्विंटलचा की टनाचा. आमचा काटा शून्यावर होता, एकक चुकले होते.

संगणक आतल्या आत १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद मोजत असतो. ती मोजणी जगभर एकच. स्थळ निवडले की तो त्या सेकंदांचे तिथल्या तारखेत आणि वेळेत रूपांतर करून दाखवतो. म्हणून नोंद जागतिक वेळेत ठेवणे चूक नाही, पुष्कळ जाणकार तसेच करतात. पण मग छापताना साडेपाच तास मिळवले पाहिजेत. आमच्या प्रणालीत तारीख-वेळ अक्षरांतच लिहून ठेवली जाई, 'कुठली वेळ' याचा पत्ताच नाही.

घड्याळ बरोबर ठेवण्याचीही व्यवस्था आहे. संगणकाचे घड्याळ काही सेकंद पुढे-मागे सरकतेच. म्हणून तो ठरावीक काळाने वेळ देणाऱ्या मुख्य सर्व्हरला विचारतो आणि स्वतःस दुरुस्त करतो. आपल्या देशाची प्रमाणवेळ दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा सीझियमच्या अणुघड्याळांवर सांभाळते. एप्रिल २०२२ मध्ये केंद्र सरकारच्या 'सर्ट-इन' या संस्थेने संगणकांची घड्याळे या प्रयोगशाळेच्या किंवा राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या वेळेशी जुळती ठेवण्याचा आदेशही काढला. आता सर्व्हर, काटा आणि गेट, तिन्ही ठिकाणचे संगणक एकाच जागी वेळ विचारतात.

बदल मात्र काटा चालू असताना केला नाही. गाड्या उभ्या असताना घड्याळ ओढले तर खेपांचा क्रम बिघडतो. काटा थोडा वेळ बंद ठेवून, शेवटची आणि पहिली पावती ताडून मगच काम केले. जुन्या नोंदींत साडेपाच तास मिळवताना काट्याची वही, गेटाची टोकने आणि चिटबॉयच्या चिठ्ठ्या समोर ठेवल्या, ऑडिटरांना दाखवल्या. राहिलेल्या सर्व खेपांचे पैसे उशिराच्या दिवसांच्या व्याजासह जमा झाले. आमचा तासांचा तक्ताही दुरुस्त झाला आणि नियोजन 'सुधारले' नव्हते, हे पुढच्या मिटिंगमध्ये आम्हीच सांगितले.

सभासदांना विनंती

एक, पावती हातात पडताच वजनासोबत तारीख आणि वेळ वाचावी, आपल्या मोबाइलशी ताडावी. दहा मिनिटांहून जास्त फरक दिसला तर काट्यावरच सांगावे.

दोन, टोकन, चिठ्ठी आणि वजन पावती एकत्र टाचून बिल मिळेपर्यंत जपावी. या वेळी सत्य सापडले ते जपून ठेवलेल्या एका टोकनामुळे.

तीन, पंधरवडा बदलतानाच्या रात्री खेप गेली असेल तर दोन्ही बिलांत ती शोधावी.

चार, तोडीची वेळ चिटबॉयकडून समोर लिहून घ्यावी, अंदाजाने नको. ऊस तोडीपासून चोवीस तासांच्या आत गळिताला जावा, हे आपले उद्दिष्ट खऱ्या तासांवरच तपासता येईल.

वजनाच्या काट्यावर दरवर्षी वैधमापन खात्याचा शिक्का बसतो. घड्याळाच्या काट्यावर असा शिक्का कोणी मारत नाही, तो आपणच मारायचा. त्या सभासदांचे आम्ही जाहीर आभार मानतो. पैसे जमा झाल्यावर ते आले आणि एवढेच म्हणाले, "साहेब, काटा खरा होता, वेळ खोटी होती. आता दोन्ही बघत जावा." तसे बघत आहोत.