पत्राची पाठ, फोटोची कड
लेखमाला : डोंगरकुशीतलं दप्तर – भाग पाचवा

शाळेचं जनरल रजिस्टर आणि गावातले जन्म-मृत्यू नोंदणारं कोतवाल बुक गेल्या आठवड्यात पाहून झालं. ते सरकारी दप्तर. आज घरातलं दप्तर उघडू, म्हणजे माळ्यावरची पत्र्याची पेटी, तारेत ओवलेली पोस्टकार्डं आणि काच तडकलेल्या चौकटीतले फोटो. शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत अशा पेट्या असतात, पण सगळ्यांच्या घरी नाहीत. वाण्याकडे, शिक्षकाकडे, रेल्वेत लागलेल्याकडे किंवा ज्याचा मुलगा मुंबईच्या गिरणीत गेला त्या कुणब्याकडे ती हमखास निघते. वाडीवरच्या ठाकराकडे क्वचित. कातकऱ्याकडे शोधूच नये. हा फरक लक्षात ठेवूनच पेटी उघडायची, नाहीतर चार घरच्या कागदांना आपण सगळ्या खोऱ्याचा इतिहास समजू लागतो.

सुरुवात पोस्टकार्डापासून करू. हिंदुस्थानात ते १ जुलै १८७९ रोजी आलं. किंमत पाव आणा, म्हणजे एक पैसा. १९२२ मध्ये ती अर्ध्या आण्यावर गेली. पुढेही दर वाढत गेले आणि १ एप्रिल १९५७ नंतर कार्डावर नवे पैसे दिसू लागले. तारीख पुसट झालेल्या कार्डाचं वय ठरवायला एवढं पुष्कळ होतं. चेहराही बोलतो : व्हिक्टोरिया १९०१ पर्यंत, सातवा एडवर्ड १९१० पर्यंत, पाचवा जॉर्ज १९३६ पर्यंत. मात्र घरात पडून राहिलेलं जुनं कार्ड लोक वरून तिकीट चिकटवून खुशाल वापरत. म्हणून राजाचा चेहरा पत्र कधीच्या आधीचं नाही एवढंच सांगतो, कधीचं आहे ते नाही. त्यासाठी शिक्का बघावा. शक्यतो दोन्ही शिक्के, टाकलेल्या ठिकाणचा आणि पोचलेल्या ठिकाणचा.

शिक्का उमटलाच नसेल तर मजकुराच्या डोक्यावर बहुधा मिती असते. ‘माघ वद्य ५, शके १८४१’ असं असेल तर शकात ७९ मिळवा, १९२० येतं. चैत्रापासून कार्तिकापर्यंत ७८ मिळवायचे, माघ-फाल्गुनाला ७९. मार्गशीर्षाची अखेर आणि पौष इकडे-तिकडे जातात, तिथे पंचांगच काढावं लागतं. पत्त्याचाही असाच घोळ. शहापूर, वाडा, जव्हार या बाजूच्या डोंगराळ मुलखाला जुन्या कागदांत ‘कोळवण’ म्हटलेलं सापडतं. वाडा, जव्हार, मोखाडा २०१४ पासून पालघर जिल्ह्यात गेले, पण त्याआधीच्या पत्रांवर त्यांच्यापुढे बहुधा ‘जि. ठाणे’ असतं; जव्हार तर १९४८ पर्यंत वेगळं संस्थानच होतं. आजचा नकाशा हातात धरून जुना पत्ता शोधायला निघालात तर चुकाल.

आता पत्राच्या पाठीकडे, म्हणजे लिहिणाऱ्या हाताकडे. ‘तीर्थरूप आईस शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष’ असा मायना, झरझर धावणारी मोडी, खाली सही एखाद्या गिरणी कामगाराची. पण ते अक्षर त्याचं असेलच असं नाही. चाळीतल्या लिहित्या माणसाने किंवा पोस्टाबाहेर बसणाऱ्या लेखनिकाने ते लिहिलेलं असे, आणि इकडे गावात मास्तर किंवा पोस्टमन वाचून दाखवी. ज्या पत्राला दोन तिऱ्हाइतांच्या तोंडून-हातून जायचं, त्यात माणूस किती मोकळं बोलणार? बायकोचं नाव तर येतच नाही, ‘घरची मंडळी’ म्हणून ती येते. म्हणून अशा गठ्ठ्यांत भाताचा भाव, बैलाचं दुखणं, मुरबाडकडच्या म्हसा गावच्या जत्रेला कोण येणार याची चौकशी भरपूर असते, आणि जिव्हाळा शेवटच्या एखाद्या ओळीत, ‘पैसे पावल्याचे कळवावे’ याच्या आसपास, सापडला तर सापडतो. मनीऑर्डर १८८० मध्ये सुरू झाली. तिच्या कुपनावर चार ओळींची जागा असायची. माझ्या मते ही कुपनं पत्रांपेक्षा खरी. जागा कमी, त्यामुळे मायना गळून जातो आणि कामाचं तेवढं उरतं.

गठ्ठ्यात जे नसतं तेही पाहायला हवं. मृत्यूची बातमी आणणाऱ्या कार्डाचा कोपरा फाडलेला असे, ते वाचून लगेच नष्ट करत. घरात ठेवत नसत. उलट लग्नाची पत्रिका हळदकुंकवाच्या बोटांसकट जपलेली. त्यामुळे एखादं घर नुसत्या पेटीवरून वाचलं तर तिथे पिढ्यानपिढ्या लग्नंच लागत होती, कोणी मेलंच नाही असं वाटेल. प्लेगची आणि १९१८ च्या इन्फ्लुएंझाची वर्षं या गठ्ठ्यांत चमत्कारिक शांत दिसतात ती यामुळेही. त्यांचा हिशेब कोतवाल बुकातच मिळेल.

फोटोंची गोष्ट वेगळी. या खोऱ्यात कॅमेरा आधी आला तो माणसांसाठी नव्हे. मुंबईहून निघालेली जी.आय.पी. रेल्वे १८६१ मध्ये कसाऱ्यापर्यंत पोचली आणि थळ घाट चढून १८६५ मध्ये इगतपुरीला. मग तानसाचं धरण, १८९२ : जवळपास पावणेतीन किलोमीटर लांबीची दगडी भिंत, शहापूरचं पाणी मुंबईला नेणारी. पूल, बोगदे, भिंत यांचे फोटो कामाचा पुरावा म्हणून काढले गेले, आणि पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला घाटातल्या रेल्वेची देखणी पोस्टकार्डं मुंबईत विकायला आली. त्या कार्डांची एक बाजू बरीच वर्षं फक्त पत्त्यासाठी राखीव होती, म्हणून मजकूर चित्रावरच, आकाशात किंवा डोंगरउतारावर कोंबलेला दिसतो.

अशा फोटोंत कमानीच्या बुडाशी बहुधा एक माणूस उभा असतो. लंगोटी, खांद्यावर घोंगडं किंवा हातात काठी. छायाचित्रकाराने त्याला मुद्दाम उभं केलेलं, पुलाची उंची कळावी म्हणून. तो तिथे पट्टीसारखा वापरला आहे. खालच्या ओळीत पुलाचं नाव येतं, क्वचित इंजिनिअरचंही, त्याचं कधीच नाही. फोटोची कड आणि तळ भिंगातून बघा असं म्हणतो ते याचसाठी. तिथे झोपड्या असतात, डोक्यावर पाटी घेतलेल्या बाया असतात, आणि कामासाठी आलेला मजूर इथलाच की घाटावरचा, हे पागोट्यावरून नि लुगड्याच्या नेसणीवरून कधी कधी ओळखता येतं.

ज्या फोटोंत माणूस मधोमध आहे, तिथे तर जास्तच सावध राहायचं. विल्यम जॉन्सनने मुंबईतल्या जातीजमातींच्या छायाचित्रांचे दोन खंड १८६३ आणि १८६६ मध्ये काढले. त्यांतली कित्येक माणसं एकीकडे टिपलेली आणि कापून दुसऱ्याच देखाव्यावर चिकटवलेली आहेत. पाठीमागचा डोंगर त्यांचा नव्हेच! कॅम्पबेलच्या १८८२ च्या ठाणे गॅझेटिअरात ठाकर आणि कातकऱ्यांची तपशीलवार वर्णनं आहेत, तीही ‘नमुना’ म्हणून. त्या मानाने ल. ना. चापेकरांचं ठाकरांवरचं १९६० चं पुस्तक निराळं. बदलापूरचा हा माणूस शेजारच्याच डोंगरातल्या वाड्यांकडे बघत होता. तरीही बघणारा बाहेरचाच, हे विसरू नये.

कोणी म्हणेल, हा सगळा हौशी लोकांचा उद्योग. तसं राहिलेलं नाही. अनुसूचित जमातीच्या दाव्याला १९५० च्या आधीचा कागद लागतो, इतर मागासवर्गाला १९६७ च्या आधीचा. जातपडताळणीचा आजचा साचा १९९४ च्या माधुरी पाटील खटल्यातून आला, आणि त्यातला दावा महादेव कोळी असल्याचा होता. मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठाकर समाजाच्या प्रकरणात सांगितलं की चालीरीतींची ‘आप्तभाव’ चाचणी हीच एकमेव कसोटी मानता येणार नाही. स्वातंत्र्यपूर्व कागदांचं वजन त्यामुळे आणखी वाढलं. त्याच वर्षी मराठ्यांच्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी शिंदे समिती नेमली गेली आणि मोडी वाचणाऱ्यांना एकाएकी मागणी आली. म्हणजे ज्याला लिहायला शिकवलंच नाही, त्याच्या नातवाकडे आपण आजोबाचा लेखी पुरावा मागतो आहोत. पुलाच्या फोटोतल्या त्या माणसाला तेव्हा नाव विचारलं असतं तर आज ते कुणाच्या तरी कामी आलं असतं.

पेटी तुमच्या घरी असेल तर काही गोष्टी आजच करा. कार्डं तारेतून काढा, ओढून नव्हे, तार कापून. लॅमिनेशन करू नका, शाई आणि कागद दोन्ही त्यात गुदमरतात आणि ते परत सुटत नाही. फोटोमागे बॉलपेनने लिहू नका, मऊ शिसपेन्सिलीने कडेला लिहा. दोन्ही बाजूंचे फोटो मोबाइलवर काढा, रिकामी वाटणारी बाजूसुद्धा. आणि घरात ऐंशीच्या पुढचं कोणी असेल तर फोटो त्यांच्यापुढे ठेवताना आपल्या पणजोबांपाशी थांबू नका. मागे उभा असलेला गडी कोण, पाटी घेतलेली बाई कुठल्या वाडीची, हे विचारा. पुष्कळदा त्यांना नाव ठाऊक असतं, विचारलं कुणी नसतं.

कातकरी आणि ठाकरांची नावं आणखी एका ठिकाणी मिळतात, आणि तिथे ती आदराने आलेली नाहीत : लाकूडव्यापाऱ्याच्या, भट्टीवाल्याच्या आणि सावकाराच्या वहीत, उचलीच्या रकमेपुढे. पुढचा भाग त्या वह्यांवर.