पिकअपमधली छोटी बॅटरी किती ओझं ओढते?

अमेरिकेत कॅम्पिंगचा ट्रेलर ओढण्यासाठी पिकअप घ्यायला गेलं की हल्ली 'माइल्ड हायब्रिड' हा शब्द कानावर पडतोच. हायब्रिड म्हणजे जास्त ताकद, म्हणून जास्त ओझं, असं सहज वाटतं. ते कितपत खरं?

2019 च्या रॅम 1500 मधली 'ई-टॉर्क' यंत्रणा पाहू. यात अल्टरनेटरच्या जागी इंजिनाला पट्ट्याने जोडलेली मोटर-जनरेटर असते, सोबत 48 व्होल्टची 430 वॉट-अवर बॅटरी. ब्रेक लावताना ऊर्जा साठते, गाडी निघताना परत मिळते. 5.7 लिटर व्ही-8 इंजिनाला त्यातून क्षणभर 130 पाउंड-फूटपर्यंत जादा टॉर्क मिळतो. पण इंजिनाची कमाल शक्ती 395 अश्वशक्तीच राहते.

आता साधं गणित करू. 430 वॉट-अवर म्हणजे सुमारे 15.5 लाख ज्यूल. ट्रक आणि ट्रेलर मिळून 7,000 किलो धरले, तर त्यांना एक मीटर वर चढवायला सुमारे 68,600 ज्यूल लागतात. म्हणजे काहीही वाया न जाता भरलेली बॅटरी जेमतेम 22 मीटर चढवेल. सात मजली इमारतीएवढं! टोइंगची प्रमाणित चाचणी मात्र ॲरिझोनातल्या डेव्हिस डॅमच्या 11.4 मैलांच्या चढाचा आधार घेते. तिथे इंजिन, गिअरबॉक्स आणि रेडिएटरचाच कस लागतो. मोटरची खरी मदत चढावर थांबलेली गाडी हलवताना आणि शहरात पेट्रोल वाचवताना होते.

पेलोडचं काय? गाडीचं कमाल परवानगीचं वजन ठरलेलं असतं. त्यातून गाडीचं स्वतःचं वजन वजा केलं की उरतो तो पेलोड. गाडीची रचना तीच असेल, तर बॅटरी आणि मोटरचं वजन त्यातूनच जातं.

शिवाय ट्रेलरच्या वजनाचा साधारण 10 ते 15 टक्के भार हिचवर येतो, आणि तोही पेलोडमध्येच मोजायचा. समजा, पेलोड 1,500 पाउंड आणि ट्रेलर 7,000 पाउंडांचा आहे. 12 टक्क्यांनी हिचवर 840 पाउंड आले. चौघांचं कुटुंब 600 पाउंड. उरले फक्त 60! तंबू आणि कूलर ठेवला की संपलं. त्यापुढे मागचा भाग दबतो, पुढच्या चाकांवरचा भार कमी होतो आणि स्टिअरिंगची पकड सैल पडते.

म्हणून जाहिरातीतला आकडा नव्हे, तर ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरचं स्टिकर वाचा. तो आकडा तुमच्याच गाडीचा असतो, बॅटरीचं वजन धरून.