तीन चाकांची बाबागाडी: समज, गैरसमज आणि खरेदी

तीन चाकांची बाबागाडी आवडली, की घरातलं कुणीतरी हमखास म्हणतं, ‘नको, रिक्षासारखी कलंडेल.’ दुकानातला विक्रेता नेमकं उलटं सांगतो: तीन चाकी म्हणजे दणकट, कुठल्याही रस्त्यावर चालणारी, ढकलत पळालं तरी चालणारी गाडी. दोन्ही मतं नुसती चाकं मोजून बनलेली आहेत. बाळ गाडीत किती सुरक्षित आहे हे चाकांमधलं अंतर, पुढचं चाक लॉक होतं की नाही, पट्टे, ब्रेक आणि बाळाचं वय यांवर ठरतं. म्हणून एकेक समज नीट तपासून पाहू.

कलंडण्यापासून सुरुवात करू, कारण ही भीती अगदीच निराधार नाही. चार चाकांच्या गाडीचा पाया आयताचा, तीन चाकांचा त्रिकोणाचा. बाळासकट सगळ्या वजनाचा मध्य या पायाच्या आत आहे तोवर गाडी उभी राहते. समजा, मागच्या दोन चाकांत ६० सेंटिमीटर अंतर आहे आणि वजनाचा मध्य मागच्या आसापासून पुढच्या चाकाकडे एक तृतीयांश अंतरावर आहे. तेवढ्याच रुंदीच्या चार चाकी गाडीत तिथून बाजूची कड ३० सेंटिमीटरवर येते, तीन चाकीत २० सेंटिमीटरवर. ही उणीव भरून काढायला चांगले उत्पादक मागची चाकं जास्त लांब-लांब ठेवतात, पुढचं चाक आणखी पुढे नेतात आणि बसायची जागा खाली व मागच्या आसाजवळ घेतात. अशी गाडी ऐसपैस दिसते त्याचं कारण हे आहे. उंच बैठकीची आणि अरुंद अंगाची तीन चाकी गाडी मात्र घेऊ नये, मग ती लिफ्टमध्ये कितीही सहज मावत असो.

त्रिकोणाचा फायदाही आहे. तीन टेकू कुठल्याही उंचसखल जमिनीवर एकाच वेळी टेकतात. फुटपाथवरच्या वरखाली झालेल्या फरश्यांवर चार चाकी गाडीचं एखादं चाक अधांतरी राहून ती डुगडुगते; तीन चाकीचं तसं होत नाही.

शिवाय, बाळांना इजा होते ती मुख्यतः गाडी उलटून, हा समजही खरा नाही. अमेरिकेत १९९० ते २०१० या काळात बाबागाड्या आणि बाळ वाहून नेण्याच्या साधनांमुळे जखमी झालेली पाच वर्षांपर्यंतची साडेतीन लाखांहून अधिक मुलं रुग्णालयांच्या तातडीच्या विभागांत आणली गेली. त्यांतली बहुसंख्य त्यातून खाली पडलेली होती, आणि गाडी उलटण्याचा वाटा त्यामानाने बराच कमी होता. मूल पडतं ते पट्टा न लावल्यामुळे किंवा सैल लावल्यामुळे. दोन्ही खांदे, कंबरेच्या दोन्ही बाजू आणि मांड्यांमधून येणारा असा पाच टोकांचा पट्टा असलेलीच गाडी घ्या, आणि कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जायचं असलं तरी तो लावा. चाकं तीन की चार, हा वाद या एका सवयीपुढे फार छोटा आहे.

तीन चाकीत एक धोका मात्र खास आहे आणि तो कुणी सांगत नाही. दीड-दोन वर्षांचं मूल गाडीत स्वतःहून चढायला जातं. ते पाय ठेवायच्या पट्टीच्या एका कडेवर उभं राहतं, आणि ती कड नेमकी त्रिकोणाच्या बाहेर असते. ब्रेक लावलेला असूनही गाडी त्या बाजूला झुकते. तेव्हा मुलाला उचलूनच बसवावं, किंवा चढताना दांडा घट्ट धरावा. भाजीची पिशवी दांड्याला अडकवण्याचं तर कुठल्याही गाडीत टाळलंच पाहिजे. दांडा मागच्या आसाच्या बराच मागे असतो, त्यामुळे बाळ आत असेपर्यंत तोल जेमतेम सांभाळला जातो आणि बाळाला उचललं की गाडी मागे उताणी होते. पिशवी खालच्या टोपलीत ठेवा.

आता पळण्याचा मुद्दा. तीन चाकी म्हणजे जॉगिंगची गाडी, हा समज या गाडीच्या जन्मकथेतून आला. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात याकिमा गावी १९८४ मध्ये फिल बेक्लर नावाच्या, धावण्याची आवड असलेल्या बापाने बाळाला बरोबर नेता यावं म्हणून बाबागाडीला सायकलची चाकं बसवली, आणि त्यातून धावण्याच्या बाबागाडीचा धंदा उभा राहिला. त्या काळच्या या गाड्यांचं पुढचं चाक सरळ दिशेला पक्कं असायचं. वळायचं तर दांडा खाली दाबून पुढचं चाक उचलावं लागे. बाजारात आणि गल्लीबोळात हे त्रासाचं होतं, म्हणून पुढे गरागरा फिरणारं चाक आलं. आज दुकानात दिसणाऱ्या पुष्कळ तीन चाकी गाड्या या दुसऱ्या वंशातल्या आहेत. फिरणारं चाक वेग वाढला की डावी-उजवीकडे थरथरायला लागतं, आणि एखाद्या खड्ड्यात आडवं वळलं तर गाडी जागच्या जागी अडते. मागून पळणारा माणूस अंगावर येतो आणि गाडी पुढे कलंडते.

त्यामुळे पळायचंच असेल, तर ‘धावण्यासाठी योग्य’ असं माहितीपुस्तिकेत स्पष्ट लिहिलेली गाडीच घ्या. तिचं पुढचं चाक सरळ लॉक होतं, चाकं मोठी आणि हवेची असतात, आणि मनगटात अडकवायचा पट्टा असतो. हा पट्टा मिरवायला दिलेला नाही; ठेच लागून हात सुटला तर गाडी उतारावर निघून जाऊ नये म्हणून तो असतो. हाताने दाबायचा ब्रेक असला तर फार चांगलं. चाक झटकन काढता येईल अशी खिट्टी असेल, तर ती दर वेळी घट्ट बसली आहे ना, हे पाहायलाच हवं. याच प्रकारचं पुढचं चाक चालत्या गाडीतून निखळल्याच्या सुमारे २०० तक्रारी आल्यावर अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने २०१८ मध्ये एका उत्पादकाविरुद्ध कारवाई सुरू केली होती.

गाडी धावण्याची असली तरी बाळ त्या वयाचं असायला हवं. मान धरायला लागलेलं बाळ धावण्याचे हिसके सोसतं, हा समज आपल्याकडे सर्रास आढळतो. पण तो चुकीचा आहे. साधारण सहा महिन्यांपर्यंत बाळाला गाडीत ठेवून पळू नये, आणि त्यानंतरही बालरोगतज्ज्ञांना विचारून मगच सुरुवात करावी. बाळ वेळेआधी जन्मलं असेल तर आणखी थांबावं. या आग्रहामुळे काही आया-बाबा हिरमुसतात हे ठाऊक आहे. बाळंतपणानंतर पुन्हा बाहेर पडून पळण्याची ओढ किती तीव्र असते याचीही कल्पना आहे. तोवर त्याच गाडीतून लांब चालायला जाता येतं, पण तिथेही एक अट आहे. अगदी लहान बाळ जवळजवळ सपाट झोपलं पाहिजे. युरोपच्या ईएन १८८८ या मानकानुसार सहा महिन्यांखालच्या बाळासाठी पाठ आणि बैठक यांच्यातला कोन निदान १५० अंशांचा हवा. धावण्याच्या पुष्कळ गाड्यांची पाठ तेवढी खाली जात नाही, त्यांना वेगळी पाळणापेटी जोडावी लागते. गाडीवर मोटारीचं बेबी सीट बसवणं थोड्या वेळापुरतं ठीक आहे. तासन्‌तास त्यात झोपलेल्या तान्ह्या बाळाची हनुवटी छातीवर टेकते आणि श्वासाची वाट अरुंद होते.

मानकाचा विषय निघाला आहे तर आणखी एक गोष्ट. ‘सीई’ अशी अक्षरं दिसली की माल युरोपात तपासलेला, असं मानलं जातं. बाबागाड्यांवर ती खूण लागूच होत नाही. पाहायचं ते ईएन १८८८ किंवा अमेरिकेचं एएसटीएम एफ८३३. ईएनचा पहिला भाग १५ किलोपर्यंतच्या मुलांसाठी आणि दुसरा २२ किलोपर्यंतच्या मुलांसाठी आहे. तीन वर्षांपर्यंत वापरायची गाडी घेताना हा आकडा बघावा.

मोठी चाकं कुठेही चढतात, हे अर्धसत्य आहे. चाक स्वतःच्या त्रिज्येएवढ्या किंवा त्याहून उंच पायरीवर घरंगळत चढूच शकत नाही. साध्या गाडीचं १५ सेंटिमीटर व्यासाचं चाक १० सेंटिमीटरच्या कठड्यापाशी अडणार. १२ इंची, म्हणजे साधारण ३० सेंटिमीटरचं चाक जोर लावल्यावर चढेल. पुण्याच्या जंगली महाराज रस्त्याच्या रुंद फुटपाथवर किंवा मरीन ड्राइव्हवर दोन्ही गाड्या मजेत चालतात. अडचण येते ती त्या फुटपाथपर्यंत पोहोचताना. वाहनं चढू नयेत म्हणून रोवलेल्या खांबांमधून ऐसपैस तीन चाकी जात नाही. गटाराच्या जाळीच्या फटीत चार चाकीचं एक चाक अडकलं तरी बाकीची सांभाळून घेतात. तीन चाकीचं पुढे एकच चाक, ते अडकलं की सगळी गाडी थांबते. जिन्यावर दोन बाजूंना दोनच पट्ट्या टाकून केलेल्या उतरंडीवरून तर ही गाडी नेताच येत नाही, कारण मधल्या चाकाखाली पायऱ्याच येतात. मेट्रोतून उतरताना पुढचं चाक फटीत जाऊ नये म्हणून गाडी पाठमोरी करून मागची चाकं आधी बाहेर काढावीत.

फलाटावर ब्रेकचं महत्त्व कळावं म्हणून मेलबर्नच्या ॲशबर्टन स्थानकातली ऑक्टोबर २००९ मधली घटना सांगायला हवी. क्षणभर हात सुटलेली बाबागाडी फलाटाच्या हलक्या उतारावरून घरंगळत रुळांवर पडली आणि येणारी आगगाडी तिला धडकली. आतलं सहा महिन्यांचं बाळ वाचलं. डोळ्यांना सपाट दिसणारी जागा चाकांना सपाट नसते. थांबलं की ब्रेक, मग ते बसथांब्यावर असो वा दुकानाच्या दारात. ब्रेक मागच्या दोन्ही चाकांना एकदम लागतो ना, हेही दुकानातच तपासावं.

उन्हात गाडीवर ओढणी किंवा दुपटं टाकलं की बाळाला गार वाटतं, हा समज प्रेमातून आलेला आहे, म्हणूनच तो मोडायला हवा. सिडनी विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२३ मध्ये मोजून पाहिलं, की कोरड्या मलमलच्या कापडाने झाकल्यावर गाडीच्या आतलं तापमान दोन अंशांहून अधिक वाढतं. तेच कापड ओलं करून टाकलं आणि आत छोटा पंखा लावला, तर ते जवळपास पाच अंशांनी उतरतं. वैशाखात कापड सुकलं की पुन्हा भिजवावं लागेल, आणि हवा खेळती राहायला हवी. भर दुपारी बाळाला बाहेर नेऊच नये हे अधिक बरं. धुराचं काय? चांगल्या तीन चाकी गाडीची बैठक खाली असते हे वर आलंच, आणि वाहनांचा धूरही खालीच सुटतो. इंग्लंडमधल्या सरे विद्यापीठात प्रशांत कुमार यांच्या गटाने केलेल्या मोजणीत गाडीतल्या बाळाच्या वाट्याला आईबापांपेक्षा ४४ टक्क्यांपर्यंत अधिक प्रदूषण येत असल्याचं दिसलं. सिंहगड रोडवरच्या सिग्नलला गाडी अगदी पुढे न आणता चार पावलं मागे उभी करावी, शक्य असेल तर आतली गल्ली धरावी.

शेवटी, गाडी ढकलणार कोण, हा प्रश्न. आपल्याकडे संध्याकाळी बाळाला बागेत नेतात आजी-आजोबा. धावण्याची तीन चाकी बहुधा दहा ते पंधरा किलोंची असते. लिफ्ट नसलेल्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर ती आणि बाळ दोन्ही आजीने न्यायची, हे होणे नाही. तिथे हलकी, छत्रीसारखी मिटणारी चार चाकीच योग्य. गाडी घ्यायच्या आधी आजीला दुकानात न्या, तिच्या उंचीला दांडा येतो का पाहा, तिच्याकडून गाडी मिटवून घ्या. मिटताना बिजागरीत बोट सापडत नाही ना, हेही तिथेच कळेल. बोटं सापडून तुटल्याच्या तक्रारींवरून २००९ मध्ये अमेरिकेत सुमारे दहा लाख बाबागाड्यांसाठी बिजागरीची झाकणं द्यावी लागली होती.

परदेशात राहणारी मुलं सुट्टीला येताना आणलेली तीन चाकी जाताना इथेच ठेवून जातात, आणि पहिल्या पंक्चरनंतर ती माळ्यावर जाते. तसं करायची गरज नाही. साडेबारा इंची ट्यूब मुलांच्या छोट्या सायकलीलाही लागते, सायकलच्या दुकानात मिळते. हवा किती भरायची ते टायरच्या कडेला छापलेलं असतं. पेट्रोल पंपावरच्या जोरकस नळीने इतकी छोटी ट्यूब फुटू शकते, म्हणून हातपंपच वापरा.